उपग्रहातून इन्फ्रारेडने लेशवायूंची मोजणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातम्यांमध्ये रंगीत नकाशा झळकतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘अवकाशातून मोजलेला मिथेन’. वाक्य चूक नाही, पण अर्धंच आहे. उपग्रहाला मोजता येतो तो प्रकाश. मिथेनचा आकडा आपण त्या प्रकाशावरून काढतो, आणि काढताना स्वतःची थोडी गृहीतकंही त्यात मिसळतो. मोजलेलं किती आणि गृहीत धरलेलं किती, एवढं नीट कळलं तर या विषयातले निम्मे वाद मिटतील. रोज हा डेटा हाताळताना जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात, ते इथे घेतले आहेत.

लेशवायू म्हणजे नेमके कोणते?

कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के आर्गॉन. ही बेरीज झाल्यावर जो चिमूटभर भाग उरतो, त्यात बाकी सगळे. तेच लेशवायू. कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक) पुढे गेला आहे, मिथेन साधारण १.९ पीपीएम, नायट्रस ऑक्साइड ०.३४ पीपीएमच्या आसपास. कार्बन मोनॉक्साइड स्वच्छ हवेत ५० ते १५० पीपीबी. अमोनिया बहुतेक ठिकाणी चार-दोन पीपीबी, तोही असला तर.

पीपीबी म्हणजे अब्जात एक. एक अब्ज सेकंद मोजायला जवळपास ३२ वर्षं लागतात. त्यातला एक सेकंद म्हणजे एक पीपीबी. मला मात्र वजनाचा हिशेब जास्त पटतो. एक चौरस मीटर जमिनीवर हवेचा जो स्तंभ उभा असतो, त्याचं वजन साधारण १० टन. त्यात कार्बन डायऑक्साइड साडेसहा किलो, मिथेन ११ ग्रॅमच्या आत-बाहेर, ओझोन सहा-साडेसहा ग्रॅम. आणि अमोनिया? जिथे तो उदंड आहे अशा जागीसुद्धा काही मिलिग्रॅम. आठशे किलोमीटर उंचीवरून, ताशी २५ हजार किलोमीटरहून अधिक वेगाने जाता जाता, हे मिलिग्रॅम शोधायचे असतात.

त्यासाठी इन्फ्रारेडच का?

रेणूचे अणू एकमेकांना स्प्रिंगने जोडल्यासारखे थरथरत असतात. ही थरथर हव्या त्या वेगाने होत नाही, ठरावीक वेगांनीच होते, आणि ते वेग नेमके इन्फ्रारेड किरणांच्या कंपनसंख्येत बसतात. त्यामुळे प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश गिळतो: कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रॉनपाशी (मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग), ओझोन ९.६ला, मिथेन ७.७ला, कार्बन मोनॉक्साइड ४.७ला, अमोनिया साडेदहाच्या आसपास. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडॉल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत नळीत वायू भरून हेच दाखवलं होतं. आज नळीच्या जागी अख्खं वातावरण आहे.

आणखी एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू दोन सारख्या अणूंचे. ते थरथरले तरी विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, म्हणून उष्णतेच्या इन्फ्रारेडला ते जवळजवळ पारदर्शक असतात. हवेचा ९९ टक्के भाग असा बाजूला झाला म्हणून उरलेल्या चिमटीचा आवाज ऐकू येतो. खरी अडचण पाण्याच्या वाफेची. ती सगळीकडे आहे, वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार मांडलेल्या प्रकाशाच्या आलेखात, जागोजागी पसरलेली आहे, आणि तासागणिक बदलते. अर्धं आयुष्य वाफ वजा करण्यात जातं असं आम्ही म्हणतो, त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

उपग्रहाला प्रत्यक्षात दिसतं तरी काय?

एक जुनं, पण अजूनही सगळ्यांत बोलकं उदाहरण घेऊ. १९७० मध्ये निंबस-४ उपग्रहावर आयरिस नावाचं वर्णपटमापक होतं. त्याने सहारावर भर दिवसा घेतलेला वर्णपट समोर ठेवा. आडव्या अक्षावर तरंगसंख्या (तरंगलांबीचा व्यस्त), उभ्या अक्षावर ‘दीप्ती तापमान’, म्हणजे एवढा प्रकाश द्यायला एखादी आदर्श काळी वस्तू किती गरम असावी लागेल तो आकडा.

११ मायक्रॉनपाशी रेघ ३२० केल्विनला (सुमारे ४७ अंश सेल्सिअस) टेकलेली दिसते. इथे हवा पारदर्शक आहे. आपण थेट तापलेली वाळू पाहतोय. तिथून १५ मायक्रॉनकडे सरकलं की रेघ कड्यावरून पडावी तशी २२० केल्विनपर्यंत घसरते. वाळू थंड झालेली नसते. या तरंगलांबीला कार्बन डायऑक्साइड इतका अपारदर्शक आहे की खालचा प्रकाश वर पोचतच नाही. जो पोचतो तो दहा-बारा किलोमीटरवरच्या थंड थरांनी आणि त्यांच्याही वरच्या हवेने सोडलेला. दरीच्या तळाशी मधोमध एक छोटा सुळका वर आलेला असतो. तिथे शोषण सगळ्यांत तीव्र, म्हणून तो प्रकाश आणखी वरून, स्थितांबरातून येतो, आणि स्थितांबरात वर जाल तशी हवा गरम होते. म्हणजे एकाच दरीत हवेचे वेगवेगळे मजले दिसतात. ९.६ मायक्रॉनला ओझोनची वेगळी खाच.

आता त्याच यंत्राने अंटार्क्टिकावर घेतलेला वर्णपट पाहा. सगळं उलटं! बर्फ १८०-१९० केल्विनचं, वरची हवा त्याहून उबदार, म्हणून १५ मायक्रॉनला दरीच्या जागी टेकडी. वायू तोच. बदललं ते फक्त मागचं आणि पुढचं तापमान. हे दोन वर्णपट शेजारीशेजारी ठेवून पाहिले की पुढचे अर्धे प्रश्न पडत नाहीत.

‘थर्मल’ आणि ‘शॉर्टवेव्ह’ इन्फ्रारेडमध्ये फरक काय?

थर्मल, म्हणजे साधारण ४ ते १५ मायक्रॉन, हा पृथ्वीचा आणि हवेचा स्वतःचा प्रकाश. दिवस-रात्र मिळतो. वर सांगितलेले वर्णपट याच जातीचे. याचा जोर मधल्या उंचीवर असतो. जमिनीलगतची हवा बहुतेकदा जवळपास जमिनीइतकीच गरम असल्याने ती पार्श्वभूमीत विरघळून जाते.

शॉर्टवेव्ह, म्हणजे १.६ ते २.३ मायक्रॉनचा पट्टा, हा जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश. हवेतून एकदा खाली, एकदा वर असा त्याचा प्रवास होतो, त्यामुळे जमिनीलगतचा वायूही त्यात पुरेपूर मोजला जातो. पण रात्री काही नाही, आणि समुद्र इथे जवळजवळ काळा दिसतो, म्हणून समुद्रावर पाण्यातली सूर्याची चकाकी गाठून मोजावं लागतं. जपानचा गोसॅट, अमेरिकेचा ओसीओ-२ आणि युरोपचं ट्रोपोमी या वाटेने जातात.

चौकस वाचक इथे अडवतात: ओसीओ-२ तर ऑक्सिजनचा ०.७६ मायक्रॉनचा पट्टा मोजतो, मग ऑक्सिजन पारदर्शक कसा? हा पट्टा अणूंच्या थरथरीचा नाही, इलेक्ट्रॉनांच्या उडीचा आहे. ऑक्सिजनचं प्रमाण पक्कं ठाऊक असतं, म्हणून प्रकाशाने एकूण किती हवा ओलांडली हे त्यावरून कळतं. कार्बन डायऑक्साइडला त्याने भागलं की प्रमाण मिळतं.

सगळे उपग्रह सरळ खालीच बघतात का?

नाही, आणि याने बराच फरक पडतो. खाली बघणाऱ्याला नकाशा चांगला मिळतो, उंचीची माहिती मोघम मिळते. क्षितिजाकडे, पृथ्वीच्या कडेवरच्या हवेच्या पातळ चकतीकडे बघणाऱ्याला उंची दोन-तीन किलोमीटरच्या बारकाईने कळते, पण आडव्या दिशेने शेकडो किलोमीटरची हवा एकत्र मिसळते. शिवाय खालच्या थरांत ढग आडवे येतात. युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरचं मिपास असं काम करायचं, २००२ पासून ते ८ एप्रिल २०१२ रोजी उपग्रहाशी संपर्क तुटेपर्यंत.

तिसरा प्रकार माझा आवडता: हवेच्या आडून उगवत्या-मावळत्या सूर्याकडे बघायचं. सूर्यासारखा प्रखर दिवा मागे असल्यावर अतिशय विरळ वायूही दिसतो. कॅनडाच्या सायसॅटवरचं एस-एफटीएस दिवसाला जेमतेम ३० उगवती-मावळती गाठतं, पण त्यातून तीसहून अधिक रेणू मोजतं, ओझोन खाणारी क्लोरिनयुक्त रसायनं धरून. ऑगस्ट २००३ मध्ये दोन वर्षांच्या बोलीवर गेलेलं हे यंत्र वीस वर्षांनंतरही काम करत होतं.

यंत्राच्या आत काय असतं?

तीन घराणी आहेत. पहिलं, जाळीने प्रकाश फाकवणारं: अमेरिकेच्या ॲक्वा उपग्रहावरचं एअर्स, २००२ पासून, २३७८ वाहिन्यांचं. दुसरं, मायकेलसनच्या व्यतिकरणमापकाचं. यात प्रकाशाचे दोन भाग करून एकाला थोडा लांबचा रस्ता देतात आणि परत जुळवतात. आरसा सरकत जाईल तशी जी चढ-उताराची नोंद मिळते तिचं फूरिए रूपांतर केलं, म्हणजे त्यात मिसळलेल्या तरंगलांबी गणिताने सुट्या केल्या, की वर्णपट हाती. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचं यासी हे या घराण्यातलं सगळ्यांत कामसू यंत्र: ८४६१ वाहिन्या, ३.६ ते १५.५ मायक्रॉन, दर आठ सेकंदांत १२० वर्णपट, म्हणजे दिवसाला सुमारे १३ लाख.

तिसरं घराणं लहान, पण त्याची युक्ती लाजवाब. टेरा उपग्रहावरच्या मोपिटने कार्बन मोनॉक्साइड मोजण्यासाठी कार्बन मोनॉक्साइडच कुपीत भरून सोबत नेला. आलेला प्रकाश त्या कुपीतून पाठवायचा, कुपीतला दाब किंवा लांबी बदलायची, आणि फरक बघायचा. जो फरक पडेल तो त्याच वायूच्या रेषांचा. काट्याने काटा काढण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

बाकी अवघड भाग थंडीचा. यंत्र स्वतः गरम असेल तर ते स्वतःच इन्फ्रारेडमध्ये चमकतं. दिवा लावून चांदणं मोजण्यासारखं होतं ते. म्हणून पारा-कॅडमियम-टेल्युराइडचे संवेदक शंभर केल्विनच्याही खाली ठेवतात. यासीचे संवेदक कुठलाही पंप न लावता, नुसते काळोख्या अवकाशाकडे तोंड करून ९०-९५ केल्विनला राहतात. मोपिटचा एक शीतकारक मे २००१ मध्ये बंद पडला आणि निम्म्या वाहिन्या गेल्या. उरलेल्यांवर त्याने पुढची दोन दशकं काढली. थंडीचा दुसरा जाच म्हणजे यंत्रातूनच सुटलेली वाफ थंड भागांवर बर्फ होऊन बसते आणि सिग्नल हळूहळू मंदावतो. मग यंत्र मुद्दाम गरम करून बर्फ उडवावा लागतो. वर्षानुवर्षांच्या आलेखात मधेच डेटाची खिंड दिसली की आधी हे तपासावं.

आणि दर आठ सेकंदांच्या फेरीत यासी दोन नजरा पृथ्वीवरून काढून घेतं: एक स्वतःच्या आतल्या, तापमान माहीत असलेल्या काळ्या पृष्ठभागाकडे, एक रिकाम्या अवकाशाकडे. तराजू प्रत्येक वेळी शून्यावर आणून वजन करणाऱ्यासारखं.

वर्णपटावरून आकडा कसा काढतात?

उलट्या बाजूने. आधी एक वातावरण मनाने धरायचं: इतकं तापमान, इतकी वाफ, इतका मिथेन. त्यातून उपग्रहाला कसा वर्णपट दिसेल ते गणिताने काढायचं. खऱ्या वर्णपटाशी ताडून पाहायचं. जुळत नसेल तर मनातलं वातावरण थोडं बदलायचं, पुन्हा काढायचं. जुळेपर्यंत.

गोम अशी की एकाच वर्णपटाशी जुळणारी वातावरणं असंख्य असतात. वरच्या थरात थोडा जास्त, खालच्यात थोडा कमी, आणि उत्तर तेच. म्हणून गणिताला एक लगाम लावतात: ‘या भागात या महिन्यात हा वायू साधारण असा असतो, एवढ्या फरकाने’. याला पूर्वानुमान म्हणू. जिथे मोजणीत दम असतो तिथे उत्तर मोजणीकडे झुकतं. जिथे नसतो तिथे पूर्वानुमानच गुपचूप उत्तर बनून बसतं. क्लाइव्ह रॉजर्स यांनी १९७० च्या दशकात ही रीत नीट मांडली, आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते.

म्हणून चांगल्या डेटासोबत ‘ॲव्हरेजिंग कर्नल’ नावाचा तक्ता येतो. कोणत्या उंचीवरच्या बदलाला उत्तर कितपत हलतं, हे तो सांगतो. ओझोनसाठी थर्मल वर्णपटात तीन-चार स्वतंत्र तुकड्यांची माहिती असते, कार्बन मोनॉक्साइडसाठी एक-दोन, अमोनियासाठी जेमतेम एक. तरीही फाइलमध्ये पंचवीस थरांचा देखणा आलेख असतो! आलेखात पंचवीस ठिपके आहेत म्हणून पंचवीस गोष्टी मोजल्या असं समजू नका. हा तक्ता न उघडता केलेला निष्कर्ष मी तरी वाचत नाही.

माझ्या जवळच्या मापनकेंद्राचा आकडा उपग्रहाशी जुळत नाही. कोण चुकतंय?

बहुधा कोणीच नाही. केंद्र नाकाच्या उंचीवरची हवा मोजतं, उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या स्तंभाची सरासरी देतो. धुराचा लोट तीन किलोमीटरवरून जात असेल तर उपग्रहाला तो ठसठशीत दिसेल आणि केंद्राला पत्ताही नसेल. थंडीच्या पहाटे उलट: सगळं जमिनीशी साचलेलं, केंद्राचा काटा वर, आणि थर्मल उपग्रहाला जवळपास काही नाही. शिवाय यासीचा एक ठिपका १२ किलोमीटरचा. केंद्र त्यातल्या एका कोपऱ्यात.

ढग असले तर?

थर्मल इन्फ्रारेडला ढग म्हणजे भिंत. ढगाच्या वरचं मोजता येतं, खालचं नाही. शॉर्टवेव्हमध्ये त्याहून कडक गाळणी लागते, कारण ढगाची पातळ चादरही प्रकाशाचा रस्ता बदलते आणि कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूत पाव टक्क्याची चूकही महागात पडते. त्यामुळे बरीच निरीक्षणं सरळ टाकून दिली जातात. महिन्याच्या सरासरी नकाशात पावसाळी प्रदेश गुळगुळीत दिसतो, पण तो दोन-तीन स्वच्छ दिवसांवर उभा असू शकतो. शितावरून भाताची परीक्षा चालते, पण सगळी शितं उघडिपीच्या दिवसांचीच असली तर भाताबद्दल जपून बोलावं.

रात्री अमोनिया कमी होतो का? नकाशात तसं दिसतं.

या प्रश्नावर मी स्वतः तोंडघशी पडले आहे. सुरुवातीच्या दिवसांत सकाळी साडेनऊचा आणि रात्री साडेनऊचा नकाशा शेजारी ठेवून ‘रात्री निम्म्यावर येतो’ असं वहीत लिहून मोकळी झाले होते. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, “त्या वेळी जमीन आणि हवेतला फरक किती होता?” मी तो पाहिलाच नव्हता.

अमोनिया जमिनीलगत असतो. जमीन हवेपेक्षा पुष्कळ गरम असेल, म्हणजे उन्हात, तर गरम पार्श्वभूमीवर थंड वायूची रेषा खाच म्हणून उठून दिसते. दोन्हींचं तापमान सारखं झालं की वायू जितका गिळतो तितकाच सोडतो आणि रेषा पुसली जाते. वायू असतो, दिसत नाही. रात्री जमीन हवेहून थंड झाली तर खाचेची टेकडी होते, अंटार्क्टिकासारखी. तेव्हा रात्रीचा फिका रंग हा अमोनियाचा की उष्णताफरकाचा, हे आकड्यासोबतची अनिश्चितता पाहिल्याशिवाय कळत नाही. दिवसाचा नकाशा भरवशाचा, रात्रीचा जपून वापरायचा.

दिवसाची अनेक वर्षांची निरीक्षणं एकावर एक रचली तर मात्र चित्र विलक्षण तपशिलाचं होतं. गंगेचं मैदान, इटलीतलं पो नदीचं खोरं असे मोठे पट्टे आधीपासून दिसत होतेच. २०१८ मध्ये यासीच्या नऊएक वर्षांच्या डेटावरून पन्नास किलोमीटरहून लहान असे २४८ बिंदू निघाले, त्यांतले बहुतेक पशुपालनाचे किंवा खतकारखान्यांचे. नैसर्गिक म्हणता येईल असा एकच: टांझानियातलं नेट्रॉन सरोवर. त्या खाऱ्या, क्षारीय चिखलातून अमोनिया सुटतो, आणि कारखान्यांच्या यादीत हे सरोवर एकटं बसलेलं असतं.

एखाद्या विहिरीची किंवा पाइपलाइनची गळती दिसते का?

गळती किती मोठी आणि ठिपका किती लहान, यावर सगळं. हिशेब करूनच पाहा. ट्रोपोमीचा ठिपका साधारण ५.५ बाय ७ किलोमीटर, म्हणजे ३८ चौरस किलोमीटर. चौरस मीटरला ११ ग्रॅम धरले तर त्या ठिपक्यावर नेहमीचाच मिथेन ४०० टनांच्या वर. गळती तासाला १० टनांची आणि वारा सेकंदाला ३ मीटर असेल, तर ७ किलोमीटर ओलांडायला ४० मिनिटं लागतील, तेवढ्यात साडेसहा टन जमा होतील. वाढ दीड टक्का, म्हणजे ३० पीपीबीच्या आसपास. दिसते. तासाला एक टनाची गळती असेल तर वाढ ०.१५ टक्के, आणि ती गोंगाटात बुडते.

आता २५ मीटरचा ठिपका घ्या, कॅनडातल्या जीएचजीसॅट कंपनीच्या उपग्रहांसारखा. त्यावर नेहमीचा मिथेन पावणेसात किलो. त्याच वाऱ्यात, तासाला एक टनाची गळती तो ठिपका ओलांडताना दोन किलोहून जास्त मिथेन ठेवून जाते. वाढ एक तृतीयांश! पण अशा बारीक नजरेला एका वेळी काही किलोमीटरचाच तुकडा दिसतो. म्हणून जोडी लागते: ट्रोपोमीने रोज सगळी पृथ्वी धुंडाळून ‘इकडे काहीतरी आहे’ म्हणायचं, आणि बारीक नजरेने नेमकी विहीर दाखवायची. कझाकस्तानात २०२३ मध्ये एक विहीर फुटून सहा महिने जळत राहिली. तिचा सव्वा लाख टनांच्या घरातला अंदाज अशाच वेगवेगळ्या उपग्रहांच्या डेटावरून निघाला.

वरच्या हिशेबात मोजलेली वाढ तीच ठेवून वारा दुप्पट केला तर गळती दुप्पट निघते, हे लक्षात आलं असेल. उपग्रह वारा मोजत नाही, तो हवामानाच्या मॉडेलमधून उसना घेतात. ‘तासाला अमुक टन’ या आकड्यातली सगळ्यांत कच्ची कडी बहुतेकदा मिथेनची नसते, वाऱ्याची असते.

शहरांच्या प्रदूषणाचे लाल-पिवळे नायट्रोजन डायऑक्साइडचे नकाशे हेच का?

नाही. ते दृश्य-जांभळ्या प्रकाशातले, ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या आसपासचे. ट्रोपोमीत दोन्ही प्रकारचे संवेदक असल्याने गल्लत होते.

आकडे बरोबर आहेत हे तपासतं कोण?

जमिनीवरून सूर्याकडे बघणारे वर्णपटमापक. टीकॉन नावाचं त्यांचं जाळं २००४ मध्ये अमेरिकेतल्या पार्क फॉल्स इथून सुरू झालं. तेही स्तंभच मोजतात, म्हणून तुलना सारख्याला सारखी होते. पण तेही प्रकाशावरूनच अंदाज करतात. मग त्यांना कोण तपासणार? तिथे विमानं येतात, आणि एअरकोर येतो. एअरकोर म्हणजे एक लांबलचक, वेटोळं घातलेली बारीक नळी, एका टोकाला उघडी. फुग्याबरोबर वर जाताना ती रिकामी होते, खाली येताना प्रत्येक थरातली हवा क्रमाने आत घेते. जमिनीवर उतरली की झटकन उचलून आणायची आणि आतली हवा क्रमाने मोजायची, हवा नळीत आपसांत मिसळायच्या आत. इतक्या साध्या वस्तूवर अब्जावधींच्या उपग्रहांचा भरवसा टेकलेला आहे.

आणखी एक आधार पडद्यामागचा: हायट्रॅन हा रेणूंच्या रेषांचा संग्रह. कुठली रेषा कुठे, किती जोरकस, दाबाने किती रुंदावते, सगळं प्रयोगशाळेत मोजून किंवा गणिताने काढून ठेवलेलं. त्यात सुधारणा झाली की उपग्रह तोच, वर्णपट तोच, आणि जुन्या वर्षांचे आकडे मात्र बदलतात. डेटाच्या दोन आवृत्त्या एका आलेखात कधीही जोडू नका.

कोणत्या कामाला कोणता डेटा घ्यावा?

वणव्यांचा धूर महासागर ओलांडताना पाहायचा असेल तर कार्बन मोनॉक्साइड. तो हवेत महिना-दोन महिने टिकतो, म्हणून लांबवर माग लागतो. लांब काळासाठी मोपिट, रोजच्या तपशिलासाठी ट्रोपोमी किंवा यासी. अमोनिया तास-दोन तास ते दिवसभर टिकतो, म्हणजे दिसला तिथेच उगम जवळपास. त्यासाठी यासी, किंवा अमेरिकेचं तशाच जातीचं यंत्र क्रिस. ज्वालामुखीचा सल्फर डायऑक्साइड थर्मलमध्ये रात्रीही दिसतो, विमानमार्गांसाठी ते मोलाचं. कार्बन डायऑक्साइडला ओसीओ-२ किंवा गोसॅट, पण एका शहराचं उत्सर्जन स्तंभात एक-दोन पीपीएमनेच उठतं. तेव्हा एका दिवसाच्या फेरीवरून शहरांची क्रमवारी लावायच्या फंदात पडू नये.

डेटा विकत घ्यावा लागतो का? उघडताना काय बघू?

नासा, युरोपची हवामान-उपग्रह संस्था युमेटसॅट आणि युरोपचाच पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रम कोपर्निकस यांचा डेटा नोंदणी करून फुकट मिळतो. पहिल्या पातळीत वर्णपट, दुसऱ्या पातळीत प्रत्येक ठिपक्याचा वायू, तिसऱ्या पातळीत चौकटींवर केलेली सरासरी. नवख्यांना तिसरी पातळी सोपी वाटते, पण कोणी काय गाळलं ते तिथे दिसत नाही. दुसरीपासून सुरुवात करा. फाइल उघडली की वायूच्या आधी गुणवत्तेचा रकाना बघा. ट्रोपोमीच्या मिथेनसाठी तो ०.५ च्या वर असलेलेच ठिपके घ्यायचे. मग अनिश्चितता, मग ॲव्हरेजिंग कर्नल. वायूचा आकडा चौथा.

पुढे काय येतंय?

आतापर्यंतची बहुतेक यंत्रं एका जागेवरून दिवसाला एक-दोनदाच जायची. २०१६ मध्ये चीनने फेंग्युन-४ए वर असं वर्णपटमापक भूस्थिर कक्षेत, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर राहील अशा जागी, नेलं, आणि १ जुलै २०२५ रोजी युरोपनेही आपलं पाठवलं. ते युरोपवर दर अर्ध्या तासाने नजर टाकेल. सकाळी साडेनऊला काय झालं एवढंच न दिसता, दिवस चढताना जमीन तापते तसतसा अमोनिया कसा उघड होत जातो तेही दिसेल. ऑगस्ट २०२५ मध्ये यासीची पुढची पिढीही कक्षेत गेली, दुप्पट बारकाईची आणि निम्म्या गोंगाटाची. जुनं यासी चालू असेपर्यंत दोघांनी एकाच हवेकडे शेजारीशेजारी काही काळ बघणं मात्र आवश्यक आहे. नाहीतर २००६ मध्ये पहिलं यासी कक्षेत गेल्यापासून सुरू झालेल्या आलेखात जी पायरीसारखी उडी येईल, ती हवेतली की यंत्रातली, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.